कोब्यातली बोरी

प्रिय ईरा आणि निहार,

मागच्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी माझ्या मागच्या अंगणाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. सिमेंटच्या कोब्याला भेग पडली आहे आणि त्या भेगेतून बोरीचे हिरवे फोक वर आले आहेत. ईरा, तू खाली लिहिलंस, "आजी, हे झाड म्हणजे तूच." निहारने फुगवलेल्या दंडाचं चित्र टाकलं. तुमच्या बाबाने हात जोडले. मला राग आला होता, आणि रागात मी फोनला हात लावत नाही.

आता राग बराच उतरला आहे, म्हणून कागद घेऊन बसले. दुसरंही कारण आहे. रविवारी बोलता बोलता बाबा म्हणाला की त्याचीही शुगर निघाली, पण बॉर्डरवर आहे, काळजीचं काही नाही. मीही कित्येक वर्षं "बॉर्डरवर" हाच शब्द वापरत होते. हा आजार आपल्या घरात रक्तातून उतरतो. तुम्हाला सांगितलं गेलंय की आजीच्या पायाला जरासं लागलं होतं आणि आता आजी एकदम बरी आहे. ते खरं नाही. खरं काय ते तुम्हाला ठाऊक असावं, कारण उद्या हे पाय तुमचे असू शकतात.

मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागेल. लागू द्या. इंग्रजी मी आयुष्यभर कॉलेजात शिकवली. ती भाषा मला फार सभ्य बनवते, आणि हे सभ्यपणे सांगण्यासारखं नाही.

सुरुवात डॉक्टरांच्या टेबलापासून करते. जळगावचं एक खाजगी हॉस्पिटल, वैशाखातली दुपार, खिडकीला ओला पडदा. डॉक्टरांच्या हातात नायलॉनचा एक ताठ तंतू होता. त्याला मोनोफिलामेंट म्हणतात. तो तळपायाला टेकवून हलकेच दाबतात आणि रोग्याला कळतं का ते पाहतात.

"डोळे मिटा. स्पर्श झाला की हो म्हणा."

टाचेपाशी टोचल्यासारखं झालं. मी हो म्हणाले. मग बराच वेळ काहीच झालं नाही. मला वाटलं ते दुसऱ्या पेशंटकडे वळले.

"पुढे करा ना," मी म्हणाले.

"करून झालं, मॅडम. डोळे उघडा."

त्यांनी माझ्या तळव्यावर, चवड्यावर, प्रत्येक बोटावर तो तंतू टेकवला होता. मला टाच सोडून काही कळलं नव्हतं. याला पेरिफेरल न्यूरोपॅथी म्हणतात. रक्तातली वाढलेली साखर शरीराच्या टोकाकडच्या नसा हळूहळू मारत जाते. पायाची बोटं सगळ्यात लांब, म्हणून आधी ती जातात.

मी म्हणाले, "पण डॉक्टर, मला कधी काही त्रास नव्हता. दुखतच नव्हतं."

"दुखत नाही, हीच तक्रार होती. ती घेऊन तुम्ही यायला हवं होतं."

मी आयुष्यात पुष्कळ जणांची वाक्यं दुरुस्त केली आहेत. या वाक्यात मला दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.

आता पाय तिथपर्यंत कसा पोचला ते सांगते, आणि त्यासाठी बोरीचं सांगायला हवं.

जळगावच्या मेहरूण भागात आम्ही प्लॉट घेतला तेव्हा भोवतालच्या बोरांच्या बागा तुटत होत्या. आपल्या प्लॉटवर मुरूम आणि पाडलेल्या भिंतीचा मलबा टाकलेला होता. त्या मलब्यातून कोपऱ्यात एक गावठी बोरी आपोआप उगवली. तिला कोणी पाणी घातलं नाही. बकऱ्यांनी तिला खाल्लं, गवंड्याने तिच्यावर चुन्याची घमेली धुतली, आजोबांनी दोनदा उपटली. ती परत आली. शेवटी आजोबा म्हणाले, ही ऐकत नाही तर हिला कामाला लावू. तुमचे आजोबा शाळेत विज्ञान शिकवायचे आणि कलमं करायचा त्यांना नाद होता. शेजारच्या बागेतली मेहरूणच्या गोड बोरीची काडी त्यांनी आणली, तिच्यावरचा एक डोळा, म्हणजे फूट येण्याची गाठ, काढून आपल्या गावठी खोडाच्या सालीत बसवला. मी पट्टी धरली, त्यांनी बांधली. जमिनीपासून वीतभर उंचीवर. तिथून वरचं सगळं झाड मेहरूणचं झालं. तुम्ही लहानपणी मीठ लावून खाल्लीत ती बोरं त्या एका डोळ्याची.

या झाडाची छाटणी भर उन्हाळ्यात करतात. पानं गळलेली असतात, अंगणात अनवाणी उभं राहता येत नाही, आणि अशा वेळी सगळ्या फांद्या तोडून नुसता बुंधा ठेवतात. नवख्या माणसाला वाटतं झाड मारलं. मग ते फुटतं. आजोबा गेल्यावर मी दर वर्षी माणूस बोलावून छाटणी करून घेत राहिले, आणि दर वर्षी कोणीतरी मला म्हणायचंच, "मॅडम, तुम्ही या बोरीसारख्या आहात." मला ते आवडायचं. आवडायचं हे लपवत नाही.

या वर्षी छाटणी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, थोडी आधी झाली. माणूस फांद्या ओढून घेऊन गेला आणि मी मागे राहिलेला कचरा झाडत होते. पायात जुनी रबरी चप्पल. बोरीचे काटे जोडीने येतात, एक सरळ आणि एक आकड्यासारखा वाकलेला. सरळ काटा चपलेतून आरपार गेला. मी चप्पल काढली, काटा उपटून टाकला, झाडणं पूर्ण केलं. टोक आत मोडलं होतं. कुणाही धडधाकट माणसाला पहिल्याच पावलाला ते कळलं असतं.

आखाजीला मी इंदूकडे गेले. इंदू माझी नणंद, तुमची साक्रीची आत्याआजी. तिचं गाव साक्रीच्याही पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आहे. धुळ्याला बस बदलून जावं लागतं. आजोबा गेल्यापासून प्रत्येक आखाजीला ती मला बोलावते आणि खापरावरचे पुरणाचे मांडे करून घालते. मी जराच खायचे. माझं "जरा" किती असायचं ते माझ्या रिपोर्टांत पुढे दिसलं.

तिच्या सारवलेल्या ओट्यावर मी अनवाणी चालत होते. तिने मागून हाक मारली.

"वहिनी, थांब. वट्टावर रगत कसानं शे?"

मी खाली पाहिलं. माझ्या पावलांचे लाल ठसे होते, ओळीने.

तिने मला बसवलं, पाय मांडीवर घेतला. "काटा शे मझार. तुले समजनं नही? तुले दुखस का?"

"नाही गं. काही दुखत नाही."

इंदूने सुईने काटा काढला. मग बिब्बा आणायला सांगितला. तिच्याकडे काटा निघाला की जखमेवर बिब्ब्याचा चटका देतात, म्हणजे पू होत नाही अशी समजूत आहे. बिब्बा सुईत टोचून दिव्यावर धरायचा, त्याचं उकळतं काळं तेल जखमेवर टेकवायचं. दांडगे पुरुष ओरडतात तेव्हा. शेजारच्या बायका मजा बघायला जमल्या होत्या. इंदूने चटका दिला. मी बोलत होते ते बोलतच राहिले.

"मास्तरीण कठीण शे हो," एक बाई म्हणाली.

इंदू फुशारकीने म्हणाली, "राहस शहरमा, पन हाड खान्देशनं शे तिनं. सकाय लगून बठ्ठं बरं व्हई जाई."

ईरा, निहार, माझं कौतुक झालं त्या दिवशी. आपल्याकडे न कळवळणाऱ्या माणसाला मान आहे. उन्हात अनवाणी चालणारा, तिखटाने डोळे न पुसणारा, दुखणं अंगावर काढणारा तो खरा. मी त्या बायकांच्या मध्ये सत्कारमूर्तीसारखी बसले होते आणि माझं मांस भाजत होतं.

घरी परतले तेव्हा तळव्यावर फोड होता. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून गोळ्या आणल्या. काही दिवसांनी घरात वास यायला लागला. मला वाटलं मोरी तुंबली. मी फिनेल ओतलं, ओट्याखालचे डबे काढून पुसले, उंदीर मेलाय का म्हणून माळा पाहिला. सगळं घर स्वच्छ झालं तरी वास माझ्याबरोबर खोल्याखोल्यांतून फिरत होता. मग मी खुर्चीत बसले आणि पाय उचलून नाकाजवळ आणला. करंगळी काळी पडली होती.

अशी मी त्या टेबलावर पोचले.

पुढच्या तपासण्या तुम्हाला माहीत असू द्या. एचबीए१सी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर. सकाळी उपाशीपोटी चांगली साखर दाखवून डॉक्टरला फसवता येतं, याला नाही. एक्स-रेमध्ये हाडाची कड कुरतडल्यासारखी दिसली. त्याला ऑस्टिओमायलायटिस म्हणतात, जंतू हाडात शिरले की. डॉप्लर म्हणजे रक्तवाहिनीतून रक्त वाहताना त्याचा आवाज ऐकवणारं यंत्र. घोट्याशी आवाज नीट आला. पुढे पुढे तो बारीक झाला आणि बोटांशी नुसती खरखर.

आधी डीब्राइडमेंट झालं, म्हणजे मेलेलं मांस कापून काढणं. ते पुरलं नाही. तेव्हा सर्जन पलंगाशी बसले आणि त्यांनी माझ्याच पायावर पेनने रेघ काढली.

"बोटं आणि चवड्याचा पुढचा भाग जाईल. टाच ठेवायचा प्रयत्न करू. टाच राहिली तर तुम्ही तुमच्या घरात स्वतः उभ्या राहाल. इन्फेक्शन या रेघेच्या वर गेलं तर मग गुडघ्याखाली."

"कधी कळेल?"

"कापल्यावर. मग रोज पट्टी सोडताना."

म्हणजे सगळं त्या टाचेवर आलं. तुमच्या बाबाने मला तिकडे, तुमच्याकडे, नेण्याची भाषा फोनवर सुरू केलीच होती. मी तुमच्यावर प्रेम करते, पण परक्या गावात दुसऱ्याच्या हाताने न्हाणीघरात जायला मला नको होतं. मला माझ्या मोरीशी माझ्या पायांवर उभं राहायचं होतं. एवढंच मागणं होतं आणि ते एका टाचेच्या हाती होतं.

वॉर्डात समोरच्या भिंतीवर एका औषध कंपनीचं पोस्टर होतं. काळ्या कातळाच्या फटीत एक रोपटं, खाली लिहिलेलं: जिद्द. मला ते दिवसभर बघावं लागे. त्या कातळावर आणखी किती बिया पडल्या असतील आणि उन्हाने भाजल्या असतील, त्यांचं पोस्टर कोणी काढत नाही. शेजारच्या पलंगावर पहूरकडची एक बाई होती. माझ्यापेक्षा तरुण, कापूस वेचताना पायाला लागलेलं. तिची जिद्द कमी नव्हती. तिचा पाय मांडीपासून गेला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाबा पोचला. त्याच संध्याकाळी इंदू आली, दोन बस करून, हातात कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी आणि ठेच्याची पिशवी. बाबा दारातच उभा होता.

"आत्या, आणखी काही लावायला आणलंय का?" तो म्हणाला.

इंदू आत आली नाही. दाराच्या चौकटीला धरून मला म्हणाली, "वहिनी, मन्हा भाऊना पायले बी मीच बिब्बा लायेल व्हता. त्याले ते बरं वाटनं व्हतं."

"त्यांना दुखायचं, इंदू," मी म्हणाले. "त्यांनी तुला चटका लागताच लाथ मारली असती."

"मारीच व्हती." ती हसली आणि लगेच तिने पदर तोंडाला लावला.

"पाय मी पुढे केला होता," मी बाबाला सांगितलं. "तिने विचारलं होतं दुखतं का. नाही, असं मी म्हणाले. तिला आत येऊ दे. आणि मला भाकरीचा तुकडा दे, उद्या उपाशी ठेवणार आहेत."

"आई, साखर..."

"कळण्याची आहे. आणि आता साखर आणखी काय नेणार आहे?"

त्याने दिली. इंदूशी मात्र तो परत जाईपर्यंत बोलला नाही.

ऑपरेशन पेनच्या रेघेवर झालं. मग पट्टी सोडण्याचे दिवस सुरू झाले. ट्रॉलीची चाकं ऐकू आली की मी आधीच उठून बसत असे. जखमेची कड काळी दिसली तर गुडघा, लाल दिसली तर टाच. एकदा कड काळपट झाली. तिथेच आणखी थोडं कापलं आणि परत वाट बघणं. त्यात बोटं नसलेल्या जागी बोटं दुखायला लागली. नाहीसा झालेला अंगठा रात्रंदिवस वळायचा. याला फँटम पेन म्हणतात. असताना ज्यांनी कधी कुरकुर केली नाही, ती गेल्यावर बोलायला लागली.

मग एका सकाळी सर्जननी कापसाने कड पुसली आणि ती लालभडक, दाणेदार दिसली. त्याला ग्रॅन्युलेशन म्हणतात, नवं मांस भरून येणं. त्यांनी टाच दाबली.

"दुखतंय?"

"हो," मी ओरडलेच.

"फार छान," ते म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा मला दुखण्यासाठी शाबासकी मिळाली.

घरी आले तेव्हा मागचं दार उघडून पाहिलं तर अंगण पांढरं होतं. बोरी नव्हती. बाबाने ती जमिनीलगत करवतीने कापून घेतली होती आणि सगळ्या अंगणभर कोबा करून घेतला होता, वॉकर नीट चालावा म्हणून.

"तुझ्यासाठी केलं, आई. परत काटा नको."

"छान," मी म्हणाले. "आता पावसात घसरून पडेन."

तो हसला नाही. त्याला खरंच वाटत होतं की त्याने गुन्हेगार पकडला. इंदूला दारात अडवलं, झाडाला कापलं. माझ्या साखरेला आणि माझ्या मिजाशीला मात्र तो हात लावू शकला नाही. चार दिवसांनी त्याची सुट्टी संपली. मी वॉकर धरून फाटकापर्यंत गेले. टाचेवर.

श्रावणात कोबा फुटला. आधी उंचवटा आला, मग भेग, मग फोक. शेजारच्या काकूंनी फोटो काढला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

आता जे फोटोत दिसत नाही ते सांगते. मी खुर्ची नेऊन त्या फोकांजवळ बसले आणि नीट पाहिलं. पानं लहान आहेत, काटे दाट आहेत, काडी राखी रंगाची. तो गावठी फुटवा आहे. आजोबांनी बसवलेला डोळा जमिनीपासून वीतभर उंचीवर होता आणि करवत त्याच्या खालून गेली. मेहरूणची बोरी त्याच दिवशी संपली. खाली जी होती, मलब्यातली, दोनदा उपटलेली, ती आता वर येते आहे. तिला बारीक, आंबट, गरापेक्षा बीच मोठी अशी बोरं येतील आणि काटे पूर्वीपेक्षा जास्त. सगळे म्हणतात झाड वाचलं. कुठलं वाचलं, ते कोणी विचारत नाही.

कुणी म्हणेल, परत डोळा भरा. भरता येतो. पण मेहरूणची काडी आणायला जवळपास बाग उरलेली नाही, पट्टी बांधणारा गेला आणि पट्टी धरणारीला आता जमिनीवर बसता येत नाही.

म्हणून ईरा, तू मला झाड म्हणालीस तेव्हा तू जवळजवळ बरोबर होतीस, आणि म्हणूनच मला राग आला. जी आजी तुम्हाला आठवते, पायऱ्या उतरून तुमच्यामागे तलावापर्यंत येणारी, ती कोब्याखाली गेली. आता जी आहे ती खालची आहे. तिला काटे जास्त आहेत.

तुम्ही काय करायचं ते थोडक्यात सांगते. रोज तळपाय आरशात पाहा. घरातसुद्धा अनवाणी चालू नका. पायाला शेक, चटका, गरम पाणी काही नको. बाबालाही हेच सांगा. माझं तो ऐकत नाही. आणि लागूनही दुखलं नाही तर अभिमान बाळगू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

मी कुणाचे आभार मानायचे असतील तर सर्जनचे मानते, आणि इंदूचे. ती रोज दिवेलागणीला फोन करते. जेवलीस का, औषध घेतलं का, असं काही विचारत नाही. तिचा एकच प्रश्न असतो.

"वहिनी, दुखस का?"

"दुखस," मी तिच्याच भाषेत सांगते.

"मंग बरं शे," ती म्हणते आणि फोन ठेवते.

तेव्हा हिशोब असा आहे. मेहरूणची बोरी नाही, गावठी आहे. बोटं नाहीत. टाच आहे, आणि तिला दुखतं.

तुमची आजी